वायू ओळखणारी चार गुणी यंत्रं

आमच्या दूध प्रकल्पात विषारी वायू ओळखणारी चार यंत्रं आहेत आणि ती रोज पुसली जातात. बाहेरून सुरक्षा तपासणीला आलेल्या साहेबांनी जेव्हा विचारलं, की ही यंत्रं कामाला नेण्याआधी तपासता का, तेव्हा आमचे चेअरमन बापूसाहेब शांतपणे म्हणाले, "तपासतो की. रोज फडकं मारतो."

यात खोटं काही नव्हतं. तळहाताएवढी, पिवळ्या रंगाची ती यंत्रं बापूसाहेबांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात, दूध संकलनाच्या ढालींशेजारी उभी असत. शिपाई ढाली पुसताना त्यांनाही पुसत असे. दसऱ्याला त्यांना झेंडू वाहिला जाई. मोठा पाहुणा आला की एखादं सुरू करून दाखवत. दिवा लागे, आकडे उमटत, पाहुणा कौतुक करी आणि यंत्र परत ढालींत जाऊन उभं राही. एवढी माया केल्यावर आणखी काय तपासायचं राहतं, हे बापूसाहेबांना खरोखरच कळत नव्हतं.

साहेबांनी समजावून सांगितलं. दिवा लागतो, आकडे दिसतात, याचा अर्थ यंत्र काम करतंय असा होत नाही. त्याचं नाक चोंदलेलं असलं तरी आकडे दिसतातच. म्हणून वापरण्याआधी दर वेळी त्याला थोडासा खरा वायू मुद्दाम हुंगायला द्यायचा. बोंबललं तर यंत्र जिवंत. गप्प राहिलं तर त्याची जागा ढालींशेजारीच. याला ते बंप टेस्ट म्हणाले. बाकीचं त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि बैठकीत अशी शांतता पसरली, की बाहेर दुधाचे कॅन आदळल्याचे आवाज मोजता आले असते. ती शांतता संपवण्यासाठी बापूसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

"पत्रकार, हे तुमचं. तुमाला इंग्लिश येतं, आन दुपारचं तसं कामबी नसतं."

मी प्रकल्पाचा प्रसिद्धी अधिकारी. त्याआधी बरीच वर्षं बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या बातम्या एका दैनिकाला पाठवत होतो. दुपारी मला काम नसतं, ही माहिती चुकीची होती. पण ती सगळ्या संचालकांसमोर दिली गेली होती आणि कुणीही तिचं खंडन केलं नाही. मीही केलं नाही, हा मला बसलेला पहिला धक्का.

ही यंत्रं कशासाठी, तेही सांगायला हवं. प्रकल्पात रोज जे काही धुतलं जातं, त्याचं पाणी मागच्या अंगाला जमिनीखालच्या टाकीत जातं. त्या पाण्यात दूध असतं, साय असते, आणि ते कुजतं. दर आठवड्याला खालची जाळी तुंबते आणि ती मोकळी करायला सावळाराम टाकीत उतरतो. सावळाराम वडगाव निंबाळकरचा, पन्नाशीचा, बोलायला मोकळा माणूस. कंबरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर धरायला वर दोघं जण. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा जो वायू अशा टाकीत साठतो, त्याची लबाडी अशी की थोडा असतो तोवर वास येतो; फार झाला की नाकच बधिर होतं, वास यायचा थांबतो आणि माणसाला वाटतं की हवा स्वच्छ झाली. म्हणून नाकावर विसंबायचं नाही, यंत्रावर विसंबायचं. टाकीच्या तोंडाशी यंत्र धरायचं, वाजलं तर झाकण उघडं टाकून थांबायचं, नाही वाजलं तर सावळारामनं उतरायचं, असा आमचा रिवाज होता. कुशाबाई, म्हणजे त्याची बायको, त्या दिवशी डबा घेऊन स्वतः यायची आणि तो वर येईपर्यंत फाटकाशी उभी राहायची. डबा शिपायाकडे द्यायला ती कधीच तयार झाली नाही.

तपासणीचा वायू छोट्या बाटलीत मिळतो. तो मागवायचा म्हणून मी खरेदी समितीपुढे गेलो. एका संचालकांनी विचारलं, की हा वायू यंत्रापुढे सोडल्यावर जातो कुठे? मी म्हणालो, हवेत. ते म्हणाले, म्हणजे विकत आणून उडवून द्यायचा. दुसऱ्यांनी त्याहून व्यवहारी सूचना मांडली. आपल्याच टाकीत हा वायू फुकट तयार होतो. एक बाटली तिथेच भरून घ्या, घरचं असताना बाहेरचं कशाला? सूचना सगळ्यांना इतकी आवडली, की ती मंजूर होण्याआधी मला घाईनं उठावं लागलं. मी सांगितलं, की बाटलीत वायू किती आहे ते नेमकं ठाऊक असावं लागतं. ते म्हणाले, टाकीत किती आहे ते यंत्र सांगेल. मी म्हणालो, यंत्र खरं सांगतंय का हे तपासायलाच बाटली हवी. ते म्हणाले, आणि बाटली खरं सांगते हे कोण तपासणार? मी पाणी मागितलं.

शेवटी तीन दरपत्रकं मागवायचं ठरलं. एक पुण्याहून आलं. दुसरं शेगडी दुरुस्त करणाऱ्याचं आलं. तिसरं वाढदिवसाच्या फुग्यांत गॅस भरणाऱ्याचं होतं आणि ते सर्वांत कमी असल्यानं नियमाप्रमाणे तेच मंजूर होऊ लागलं. आमचा अभियंता सुयोग, जो एरवी बैठकीत मोबाइलखेरीज कशाकडेही बघत नाही, तो त्या दिवशी पहिल्यांदा बोलला, म्हणून पुण्याची बाटली आली.

आली म्हणजे भिगवणपर्यंत आली. टेंपोवाल्यानं बाटलीवरचं धोक्याचं चित्र पाहिलं आणि ती पेढ्यांच्या खोक्यांबरोबर नेणार नाही म्हणून एका मासळीवाल्याच्या गोदामात उतरवून तो निघून गेला. निरोप पोचायला आठवडे लागले. पण ते पुढचं. मधल्या काळात माझ्याकडे यंत्रं होती, इंग्रजी माहितीपुस्तक होतं, आणि वायू नव्हता. म्हणून एका शनिवारी अभ्यासासाठी मी चारही यंत्रं बारामतीला घरी आणली.

आमच्या कॉलनीत नवी वस्तू घरात आली की ती सगळ्यांची होते. चहाला पाणी ठेवण्याआधी शेजारचे मोहनराव हजर झाले. मोहनराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. धरण असो की मिक्सर, त्यांना दुरुस्ती ठाऊक असते. त्यांनी वायूशिवाय तपासणीचे उपाय सांगितले. अगरबत्ती पेटवून धरायची. लायटर न पेटवता नुसता दाबायचा. अंडं आठवडाभर उन्हात ठेवायचं. हे काहीच नाही जमलं, तर मुळ्याची भाजी खाऊन थोडा वेळ थांबायचं. माझी बायको राजेश्वरी तेवढ्यात आत निघून गेली. माहितीपुस्तकात लायटरनं यंत्र कायमचं खराब होतं असं लिहिलं होतं, ते मी वाचून दाखवलं. मोहनराव म्हणाले, पुस्तकं कंपन्या लिहितात, आणि यंत्र नीट बघण्यासाठी ते त्यावर वाकले.

यंत्र किंचाळलं. किंचाळलं म्हणजे लाल दिवे, थरथर आणि असा आवाज, की समोरच्या घरातला दूरदर्शन संच बंद झाला. मोहनराव मागे सरकले, यंत्र थांबलं. काय झालं म्हणून ते परत वाकले, यंत्र परत किंचाळलं. आवाज ऐकून सिंधुबाई, म्हणजे मोहनरावांच्या पत्नी, आमच्या दारात आल्या. मी घाईनं पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं आणि, वर्षानुवर्षांची सवय, जे दिसलं ते मोठ्यानं वाचलं: दारूच्या वाफेनंही हे यंत्र वाजू शकतं.

वाचून झाल्यावर मला त्याचा अर्थ कळला.

सिंधुबाई मोहनरावांकडे बघत होत्या. मोहनराव यंत्राकडे बघत होते. सदतीस वर्षांच्या संसारात जे त्या माउलीला कळलं नव्हतं, किंवा कळूनही जे बोललं गेलं नव्हतं, ते चार बाय तीन इंचाच्या वस्तूनं सगळ्या आळीला सांगितलं होतं. मोहनराव फार थंडपणे म्हणाले, "धूळ गेलीय आत. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झालाय, काजळी उडते, दोरीवरचे कपडे बघा. ही शिवते तसं कव्हर घाला त्याला, नाहीतर असंच उगाच ओरडेल."

मी ताबडतोब म्हणालो, धूळच असणार. बातमीची खातरजमा केल्याशिवाय मी आजवर पुढे पाऊल टाकलेलं नाही, पण मला त्या माणसाशेजारी राहायचं होतं.

सिंधुबाईंच्या कव्हरांबद्दल कॉलनीत दुमत नाही. टीव्हीचा रिमोट, फ्रिजचं हँडल, मिक्सर, वीज मीटर, कुलूप. त्यांच्या हातून गेलेली वस्तू उघडी राहत नाही. रविवारी दुपारी चारही यंत्रं कव्हर घालून आली. जाड पारदर्शक प्लॅस्टिक, नायलॉनच्या दोऱ्याची दुहेरी शिवण, कडेनं लाल पट्टी, मागे टिचबटण. वरून बटणं दाबता येत होती, आकडे स्वच्छ दिसत होते. मापात कुठे केसाएवढी फट नव्हती. मोहनराव मुद्दाम सिंधुबाईंना घेऊन आले, सगळ्यांसमोर यंत्रावर वाकले आणि त्यांनी दीर्घ श्वास सोडला. यंत्र गप्प. "बघ," ते म्हणाले. सिंधुबाईंचा चेहरा उजळला. मोहनराव तर इतके खूश झाले, की नंतर मी अभ्यासासाठी रोज यंत्र घरी आणायचो तेव्हा, संध्याकाळी फिरून आल्यावर ते यंत्रापुढे श्वास सोडूनच घरी जायला लागले.

राजेश्वरी एकदा मला हळूच म्हणाली, "अहो, पण वास येतोय की."

"यंत्र नाही म्हणतंय," मी म्हणालो.

हे वाक्य मी म्हणालो. ठणठणीत शुद्धीवर असताना म्हणालो.

प्रकल्पावर कव्हरांचं स्वागत झालं. बापूसाहेबांनी टिचबटण दोनदा लावून काढून पाहिलं आणि ढालींनाही असं करता येईल का, असं विचारलं. आणि मग आठवड्याच्या सफाईत त्याहून मोठी गोष्ट झाली: यंत्रं गुणी झाली. पूर्वी टाकीचं झाकण काढलं की ती हमखास कुरकुर करायची, काम खोळंबायचं, सुयोगची पुढची कामं रखडायची. आता झाकण काढलं, मी यंत्र धरून आकडे वाचले, ऑक्सिजन वीस पूर्णांक नऊ, म्हणजे मोकळ्या हवेत असतो तेवढा, बाकी सगळं शून्य. सावळाराम लगेच उतरायचा, जाळी मोकळी करायचा, वर यायचा. त्याला कधी डोकं जड वाटायचं. तो म्हणायचा, ऊन लागलं असंल. असं तीन आठवडे चाललं. बापूसाहेबांनी संचालकांना सांगितलं, की पत्रकारांनी यंत्रांत लक्ष घातल्यापासून टाकीतला वायूच कमी झालाय. मला बरं वाटलं. आयुष्यात कौतुक असं कमी वाट्याला आलं, की त्याची खातरजमा करावीशी वाटत नाही.

मग भिगवणहून निरोप आला. मी आणि सुयोग बाटली आणायला गेलो. मासळीवाला आमच्यावर भयंकर चिडला होता. त्याच्या मते त्याच्या मासळीला येणारा वास आमच्या बाटलीचा होता आणि गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली होती. बाटली सीलबंद होती, हे सुयोगनं त्याला दाखवलं. तो म्हणाला, मग माझी मासळी खराब म्हणता का? आम्ही माफी मागितली आणि दोन किलो मासळी विकत घेऊन सुटलो. परत येताना बाटली आणि मासळी एकाच गाडीत होती आणि खरं सांगायचं तर तो माणूस चूक आहे असं छातीठोक सांगणं अवघड झालं होतं.

आता साधी तपासणी करायची, तर आमच्याकडे साधं काही होत नाही. बापूसाहेबांनी सफाईच्याच दिवशी 'यंत्र तपासणी शुभारंभ' ठेवला. टाकीपाशी मांडव घातला. संचालक आले, पेढे आले, टेबलावर पाट ठेवून त्यावर चार यंत्रं मांडली, बाटलीला हार घातला. मी पोचलो तेव्हा एक संचालक टाकीच्या उघड्या तोंडाशी अगरबत्तीचा जुडगा पेटवून उभे होते. अशा टाकीत पेट घेणारा वायूही असू शकतो. मी धावत जाऊन तो जुडगा त्यांच्या हातातून ओढला आणि बादलीत बुडवला. कुणीतरी हळहळलं. शुभकार्यात अगरबत्ती विझवणारा माणूस म्हणून मी त्या मांडवात उभा राहिलो. त्या जुडग्याचा धूर पाटावरच्या चारही यंत्रांवरून गेला होता आणि एकानंही हूं केलं नव्हतं, हे मला दिसलं होतं. दिसलं होतं, पण तेव्हा मला वाटलं, की आमची यंत्रं काय सोशिक आहेत.

बापूसाहेबांनी नारळ फोडला. मी बाटलीला नळी लावली, नळीच्या टोकाचा पेला पहिल्या यंत्राच्या तोंडावर बसवला आणि चावी फिरवली. सगळे कान देऊन थांबले. सू असा आवाज आला. यंत्र गप्प.

मी चावी बंद करून परत फिरवली. ऑक्सिजन वीस पूर्णांक नऊ, बाकी शून्य. दुसरं यंत्र घेतलं. गप्प. तिसरं. गप्प. चौथ्याच्या वेळी संचालकांनी पेढे खायला सुरुवात केली.

सहकारात वाढलेल्या माणसांना आकडा पटतो. एका बाजूला चार यंत्रं होती, दुसऱ्या बाजूला एक बाटली. बापूसाहेबांनी क्षणभर विचार केला आणि निकाल दिला.

"चार इरुद्ध एक. बाटलीचं डिपॉझिट गेलं."

सुयोगलाही ते पटलं. बाटली इतके दिवस मासळीत पडली होती, गळून रिकामी झाली असेल, असं तो म्हणाला. पुरवठादाराला पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. आता सफाई तरी उरकून घ्या, असं ठरलं. एक यंत्र दोरानं टाकीच्या तोंडाशी सोडलं. शून्य. सावळारामनं पट्टा आवळला, शिडीवर पाय टाकला आणि कंबरेपर्यंत आत गेला. फाटकाशी कुशाबाई डबा घेऊन उभी होती.

मी अजून टेबलापाशी होतो. माझ्या हातून चावी पुरती बंद झाली नव्हती आणि पेला चौथ्या यंत्रावर तसाच होता. मला कुजक्या अंड्याचा वास आला. मी टाकीकडे पाहिलं. वारा उलट्या दिशेचा होता. मासळीचा म्हणावा तर ती आम्ही कधीच खाल्ली होती. मी खाली वाकलो. वास पेल्याच्या कडेतून येत होता. रिकाम्या बाटलीतून वास कसा येईल? आणि मग मला दिसलं. पेल्याच्या आत सिंधुबाईंचं प्लॅस्टिक बारीक थरथरत होतं. वायू बाटलीतून निघत होता, कव्हरवर आदळत होता आणि वळून माझ्या नाकात येत होता. माझ्या नाकापर्यंत पोचत होता. यंत्राच्या नाकापर्यंत पोचत नव्हता. आज नाही, काल नाही, मोहनरावांनी पहिला श्वास सोडला तेव्हापासून नाही.

मी टाकीकडे वळलो. 

"सावळारामला वर काढा," मी म्हणालो.  आवाज फुटला तो इतका विचित्र, की दोर धरणाऱ्या दोघांनी काही न विचारता ओढलं आणि सावळाराम शिडीला न शिवता बाहेर आला, पट्ट्याला लोंबकळत, "आरं, आरं" करत.

बापूसाहेब विचारू लागले, काय झालं काय? मी कव्हर ओढलं. निघेना. टिचबटण गंजून बसलं होतं. फाडायला गेलो, प्लॅस्टिक हलेना. सुयोगनं किल्लीनं शिवण उसवायचा प्रयत्न केला, किल्ली वाकली. नायलॉनचा दोरा, दुहेरी. कात्री कुणाकडे नव्हती. शुभारंभाला कोनशिला असती तर फीत असती आणि फीत असती तर कात्री असती. शेवटी प्रकल्पाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यानं, सर्व संचालकांसमोर, हार घातलेल्या बाटलीशेजारी उभं राहून, ते कव्हर दातांनी फाडलं. माझी एक दाढ तेव्हापासून हलते.

उघड्या यंत्रापुढे मी चावी फिरवली. ते किंचाळलं. त्याच्या आवाजानं एका संचालकांच्या हातातला पेढा पडला. ते शांत झाल्यावर मी ते दोराला बांधलं आणि टाकीच्या तोंडात सोडलं, जिथे आत्ताच सावळारामचं कंबरेखालचं शरीर होतं. हातभर खाली जाण्याआधीच ते परत किंचाळायला लागलं आणि या वेळी थांबेना. आकडा वाचून सुयोगनं यंत्र माझ्याकडे दिलं आणि सगळ्यांना टाकीपासून मागे सारलं. कुशाबाईनं फाटक सोडलं होतं. ती येऊन नवऱ्याशेजारी उभी राहिली आणि तिनं त्याच्या पट्ट्याचा दोर स्वतःच्या मनगटाला गुंडाळला.

 आधी बोलले ते बापूसाहेब, आणि रागानं नाही, अगदी काळजीनं बोलले.

"पत्रकार, तीन आठवडं किती बेस चाललं हुतं. ते कव्हर काढलं आन हे सुरू झालं. परत घालून बघा की."

 माणूस वाईट नाही. गावोगावच्या दूध उत्पादकांच्या लग्नाकार्याला न चुकता जाणारा माणूस. त्याला खरंच वाटत होतं, की टाकीत वायू आला तो यंत्र वाजल्यामुळे. आणि मला धक्का त्याचा बसला नाही. मला धक्का बसला तो याचा, की तीन आठवडे मीही याहून वेगळं काही मानत नव्हतो. मी उरलेल्या तीन यंत्रांची कव्हरंही दातांनीच फाडली. कात्री आली होती, तरीही.

त्या दिवशी सफाई झाली नाही. ती काही दिवस पुढे ढकलून, तिच्या आदल्या रात्री पंखा लावून टाकी मोकळी करायचं ठरलं. मांडव उतरवला. घरी आल्यावर फाटलेली कव्हरं सिंधुबाईंना दाखवावी लागली. त्या शिवण निरखून म्हणाल्या, दोरा कुठेच सुटला नाही, प्लॅस्टिक फाटलं. मोहनराव संध्याकाळी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. उघडी यंत्रं माझ्या टेबलावर आहेत हे त्यांना कळलं होतं. भिंतीपलीकडून बराच वेळ सिंधुबाईंचा एकटीचा आवाज येत होता.

पण मला त्या घरापेक्षा दुसऱ्या घरी जायचं होतं. सफाईच्या आदल्या दिवशी मी वडगाव निंबाळकरला गेलो. सावळाराम म्हशीला वैरण टाकत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तीन वेळा तू उतरलास तेव्हा यंत्र आंधळं होतं, त्यानं शून्य दाखवलं ते काहीच न दिसल्यामुळे, आणि ते शून्य मी तुला वाचून दाखवत होतो. तो चिडेल, म्हणून मी तयार होतो. कुशाबाई दारातून ऐकत होती. ती चिडेल, यासाठी जास्त तयार होतो.

सावळारामनं हात झटकले. "मशीन आंधळं हुतं, व्हय? मला काय ठाव. मी कवा त्येच्याकडं बघितलंच न्हाय."

"मग कुणाकडे बघायचास?"

"तुमच्याकडं. तुमी मान हलवली की उतरायचं."

तो सहज बोलला आणि म्हशीकडे वळला. कुशाबाईनं चहा आणला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीपाशी मांडव नव्हता, हार नव्हते. पंखा रात्रभर चालला होता. मी उघड्या यंत्राला वायू दिला, ते किंचाळलं. छान किंचाळलं. ते शांत झाल्यावर दोरानं टाकीत सोडलं, आधी वर, मग मध्ये, मग तळाशी. शून्य. ऑक्सिजन वीस पूर्णांक नऊ. सुयोगनं आकडा पाहिला, मी पाहिला. सगळं असायला हवं तसं होतं. दोर धरणारे दोघं तयार होते. सावळारामनं पट्टा आवळला, शिडीपाशी उभा राहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

माझी मान हलेना.

मी यंत्राला परत वायू दिला. परत किंचाळलं. परत खाली सोडलं. परत शून्य. सुयोगनं घड्याळ पाहिलं. वर केबिनच्या खिडकीत बापूसाहेब येऊन उभे राहिले आणि हातानं काय झालं म्हणून विचारू लागले. फाटकाशी कुशाबाई होती. मी यंत्र पुसलं, आणि तिसऱ्यांदा बाटलीकडे वळलो.

"साहेब," सावळाराम म्हणाला, "उतरू, का तुमचं अजून ठरायचं हाय?"

"ठरायचंय," मी म्हणालो.

"द्या की मग अजून एकदा," तो टाकीच्या कठड्यावर टेकत म्हणाला. "निवांत द्या. खाली काय माझी कुणी वाट बघत न्हाय."